तिखट कणसांची जुडी

खारींना परसातून हाकलून कुंदाताई गुंजाळांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. पहिलं म्हणजे चिमण्या. दुसरं, भिंतीपलीकडच्या धाकट्या जावेचं तोंड बंद. तिसरं त्या स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलल्या नसत्या. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी काढली, पण त्यांच्या गाडीतून कुणी फुकट गेलं नव्हतं. हा मान म्हातारपणी एका झुपकेदार शेपटीच्या जनावरानं हिसकावून न्यावा, हे काही त्यांना पटत नव्हतं. म्हणजे जमेला दोन गोष्टी आणि एक अहंकार. जगातली बरीचशी भांडणं याहून कमी भांडवलावर सुरू झालेली आहेत.

सिन्नरच्या पुढं पिंपळदऱ्यात गुंजाळांची दोन घरं पाठीला पाठ लावून होती. दोघा भावांनी वाटणी करून मधे भिंत घातली. मग थोरला देवाघरी गेला आणि धाकटा वापीला. भिंत तेवढी राहिली आणि तिच्या दोन बाजूंना दोन जावा. भिंतीत एक कोनाडा आरपार ठेवलेला होता. त्यातून इकडची आमटी तिकडं जाई आणि तिकडचे टोमणे इकडं येत.

सुगीतली पहिली कणसं निवडून त्यांची जुडी बांधायची आणि पाखरांसाठी दारात टांगायची, ही गुंजाळांची जुनी रीत. सासू गेली तशी ती कुंदाताईंकडं आली. परसातल्या पेरूपासून न्हाणीच्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी तार बांधली आणि तारेवर बाजरीच्या कणसांची जुडी लटकवली. चिमण्या आल्या. चिमण्यांच्या मागोमाग खार आली. मागच्या पायांनी तारेला लटकून, डोकं खाली, पुढच्या दोन हातांनी ती कणीस असं सोलायची की बघणाऱ्याला वाटावं, दाणे मोजूनच घेते आहे.

कुंदाताईंनी तारेला तेल चोपडलं. खार पेरूवरून उडी मारून आली. त्यांनी तारेत पालथं घमेलं अडकवलं. खार घमेल्यावर बसून, ऊन खात, जेवली.

"अक्का, आज किती उतारू?" कोनाड्यातून सिंधूचा आवाज यायचा.

"तू तुझ्या भाकरी बघ, सिंधे. करपतायत."

सिंधू म्हणजे ती धाकटी जाऊ. भिंतीमागच्या वावरात ती सासूच्या हातचं जुनं बी पेरायची. त्या बाजरीच्या चुलीवरच्या भाकरी तिच्याकडून शिर्डी रस्त्यावरच्या ढाब्यांना जात. घर त्यावर चालत होतं आणि लेकीचं लग्नही त्यावरच झालं होतं.

कुंदाताईंच्या बहिणीचा मुलगा निनाद पुण्याला 'कणधारा' नावाच्या बियाण्यांच्या कंपनीत होता. मावशीची तगमग बघून त्यानं कंपनीतलंच एक यंत्र आणून पेरूवर बसवलं. पेटीत कॅमेरा, पुढं पिचकारी. पाठीवर पट्टे दिसले की पाण्याची धार. पहिल्याच दिवशी त्या यंत्रानं तीन पट्ट्यांचं जाकीट घातलेल्या तलाठ्याला चिंब केलं. दुसऱ्या दिवशी सिंधूचं पट्ट्यापट्ट्यांचं लुगडं दोरीवर वाळत होतं, ते संध्याकाळपर्यंत वाळलं नाही. खार मात्र यंत्राच्या मागल्या बाजूनं चढायची. तिला कॅमेरा कुठं बघतो ते कळलं होतं.

"खारीच्या पाठीवरून रामानं बोटं फिरवली," सिंधू म्हणाली, "आणि तुम्ही पाणी फिरवताय. तुमचंच पुण्य वाया."

बॅटरी संपली तेव्हा कुंदाताईंनी यंत्राचा नाद सोडला. पेटी पेरूवर तशीच राहिली.

दिवाळीला निनाद आला तो खिशात लहानसं पाकीट घेऊन. ताटलीत त्यानं दाणे ओतले. दिसायला बाजरीच.

"एक दाणा चावून बघ, मावशी."

कुंदाताईंनी चावला. क्षणभर काही नाही. मग जिभेच्या मुळाशी कुणी काडी ओढावी तसं झालं. त्यांनी पाणी प्यायलं, गूळ खाल्ला आणि भाच्याच्या पाठीत धपाटा घातला.

"मेल्या, मिरची लावून आणलीस."

"लावलेली नाही. आतच आहे." निनाद खुशीत आला की हात हलवत बोलायचा. "तिखट ही मुळात चवच नाही, मावशी. ते दुखणं आहे. आपल्या तोंडातल्या शिरांच्या टोकांना बारीक दारं असतात. चटका बसला की दार उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, आग लागली म्हणून. मिरचीतला तिखट पदार्थ त्या दाराच्या कुलपात किल्लीसारखा बसतो. आग नसताना दार उघडतं. उंदीर, डुक्कर, माकड, खार, अंगावर दूध पिणाऱ्या सगळ्यांना हे कुलूप आहे. पाखरांच्या कुलपाची घडण जराशी निराळी. किल्ली बसतच नाही. म्हणून तर पोपट मिरच्या खातो."

"आणि मिरचीला हा उद्योग कुणी सांगितला?"

"तिच्या पोटानं. पाखरू बी अख्खं गिळतं आणि लांब नेऊन टाकतं. उंदीर-खार दातानं फोडतात. मिरचीनं फार पूर्वीच ठरवलंय, गाडीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला उतरवायचं."

कुंदाताईंच्या डोळ्यांत चमक आली. आता गाडीचं दारच चेहरा बघून तिकीट कापायचं, कंडक्टर नावाची जात संपली होती. ती मिरचीत शिल्लक आहे हे ऐकून त्यांना बरं वाटलं.

"आम्ही मिरचीची ती जनुकं बाजरीत बसवली," निनाद सांगत होता. "तिखटपणा दाण्याच्या वरच्या थरात. पाखरांना नुसती बाजरी, खारीला निखारा. शहरात बाल्कनीतल्या दाणापात्रांसाठी पाकिटं जातायत नुसती. दाणे वाफवलेले असतात, उगवत नाहीत."

"सुटे दाणे?" कुंदाताईंनी पाकीट बाजूला सारलं. "सुटे दाणे कोंबड्यांना टाकतात. चिमणीला कणीस लागतं."

"मावशी, चिमणीला काय फरक..."

"मला पडतो. जिवंत बी आण."

इथं निनादनं नाही म्हणायला हवं होतं. पण ज्या मावशीनं आईमागं आपल्याला वाढवलं, तिला नाही म्हणण्याची सवय त्याला कुणी लावली नव्हती. पुढच्या खेपेला त्यानं कंपनीच्या चाचणीच्या वाफ्यातली मूठभर बाजरी रुमालात बांधून आणली. कुंदाताईंनी ती आषाढात भिंतीच्या कडेनं पेरली. भिंतीपलीकडं सिंधूचं वावर होतं.

बाजरीचा स्वभाव बघितला असता तर एवढं झालं नसतं. बाजरीच्या कणसावर आधी बायकी केसर येतात आणि आपले परागकण नंतर. मधल्या दिवसांत कणीस वाऱ्यावर येईल त्या परक्या परागाला घरात घेतं. माणसांत हे झालं असतं तर गावानं बैठक बसवली असती. बाजरीत त्याला बहर म्हणतात.

भाद्रपदात कुंदाताईंनी तिखट कणसांची जुडी टांगली. खार आली. पहिला दाणा तोंडात घेतला, थांबली, पेरूच्या सालीला तोंड घासलं आणि अशी ओरडली की सिंधू भाकरी टाकून कोनाड्याशी आली. पुन्हा ती तारेवर दिसली नाही. चिमण्या, मुनिया, सुगरणी मात्र थव्यानं उतरल्या.

"उतरवली शेवटी," कुंदाताई म्हणाल्या.

"उतरवली," सिंधूनं कबूल केलं. "आता ती माझ्या खळ्यावर येते."

जमा झाली. खर्च अजून यायचा होता.

तो भोगीला आला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन सिंधू कोनाड्याऐवजी दारातून आली. सणाला भिंत वापरत नसत.

"खाऊन सांगा. गिरणीवाल्या म्हादबानं मिरच्या दळल्यावर जातं झाडलं नाही वाटतं. भाकरीला कसलीशी चरचर आहे."

कुंदाताईंनी घास घेतला. वरून लागलेलं तिखट लगेच बोलतं. हे हळूहळू, आतून, पाहुण्यासारखं दबकत आलं. त्यांनी ओळखलं. तोंडात घास होता म्हणून त्या बोलल्या नाहीत. घास गिळून झाल्यावर ती सबब उरली नव्हती, तरी बोलल्या नाहीत.

"म्हादबाच असेल," एवढं म्हणाल्या. रात्री फोनवर भाच्याला मात्र खरं सांगितलं.

आणि गंमत अशी की ढाब्यांवरून तक्रार यायच्या जागी मागणी आली. ट्रकवाले म्हणाले, ती चरचरीत भाकरी पाठवा. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सगळ्या सस्तन प्राण्यांचा विचार केला होता, पण ते नाशिक जिल्ह्यात कधी जेवायला बसले नसावेत. तोंडाला आग लागली की पळून जायच्या ऐवजी दुसरा घास मागणारा एकच प्राणी पृथ्वीवर आहे आणि त्याच्या ताटात ठेचाही असतो. सिंधूनं तेच बी पुढल्या सालासाठी राखलं. रीतीप्रमाणं गावातल्या बायकांनी तिच्याकडून पालटीला, दाण्याच्या बदल्यात दाणा देऊन, नेलं. त्या पावसाळ्यात पिंपळदऱ्याचं सगळं शिवार भाकरीआधीच तिखट झालं.

त्याच हंगामात कंपनीनंही जिवंत बी बाजारात काढलं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून बांधावर लावायला. त्यामुळे सिन्नरच्या बाजारातल्या पोत्यांतही चरचर शिरली. मग त्याच कंपनीनं 'फिकी' नावाची पाकिटं काढली. आत साधी बाजरी. आग विकणाऱ्यानं शेजारी पाण्याचं दुकान थाटावं, तसं.

कार्तिकात सिंधूची लेक रेणुका बाळंतपणाला माहेरी आली. या भागात बाळंतिणीच्या ताटात बाजरीची भाकरी आणि तूप हे औषधापेक्षा मोठं. रेणुकानं पहिल्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली आणि रात्रभर पोट धरून बसली. सिंधूनं म्हादबाचं जातं स्वतः धुतलं. चरचर गेली नाही. मग तिनं दाणाच चावून बघितला.

तिला ते कळायला आणि कंपनीची गाडी दारात यायला एकच आठवडा. कुठल्या तरी ढाब्यावरची भाकरी कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली होती. त्या दिवशी सकाळीच निनादचा फोन आला.

"मावशी, आज आमच्या देवस्थळी मॅडम सिंधूकाकूंकडं येतायत. तू फक्त गप्प बस. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"गप्प बसणं मला कधी जमलंय?"

"भोगीपासून जमलंय की," निनाद म्हणाला. कुंदाताईंनी फोन ठेवला.

देवस्थळी मॅडम तरुण होत्या, हसतमुख होत्या, ओट्यावर चप्पल काढून बसल्या. दुष्ट माणूस बरा, त्याला चहा न देण्याची तरी सोय असते.

"काकू, तुमच्या वावरातली बाजरी आमची आहे."

"तुमची कशी? माझ्या सासूच्या हातचं बी आहे."

"सासूबाईंच्या बाजरीत मिरची होती का?"

मॅडमनी समजावून सांगितलं. बी विकत न घेता पेरलं, भाकरी करून विकल्या, त्याला कायद्यात चोरी म्हणतात. पण कंपनीला भांडण नको होतं. घरातलं सगळं बी जमा करायचं, करारावर सही करायची आणि यापुढं दर हंगामाला बी कंपनीकडून घ्यायचं. ढाब्यासाठी तिखट, घरासाठी फिकं. "तुमच्या मुलीसाठी फिक्याचं एक पोतं आजच गाडीत आहे," त्या म्हणाल्या. हे त्यांना मनापासून वाटत होतं.

"थांबा, मॅडम." कुंदाताई दारात उभ्या होत्या. "आधी तिकीट तपासायचंय."

"आपण?"

"हिची थोरली जाऊ. ते बी मी पेरलं. माझ्या परसात, भिंतीच्या कडेला. पाकिटातलं नव्हे, जिवंत. कुठून आणलं ते विचारू नका. खोटं मी बोलणार नाही आणि खरं तुम्हाला सांगणार नाही."

मॅडमचं हसू जरा मागं सरलं.

"आता माझं ऐका. मी पेरलं, माझ्यावर करा काय करायचं ते. पण तुमचा पराग भिंतीवरून उडून हिच्या वावरात शिरला. हिनं हात दाखवून गाडी थांबवली नव्हती. फुकट्या सापडला तर दंड फुकट्याला होतो. ज्याच्या शेजारी जाऊन तो बसला, त्याला नाही. उलट तुमच्या परागानं हिच्या सासूचं बी बुडवलं, त्याची भरपाई कोण देणार?"

"मुद्दा छान आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "कोर्टात मांडा. निकाल लागेपर्यंत पेरणार काय? साधं बी आता या शिवारात कुणाकडंच नाही. मी पौषात परत येते. तोवर मुलगीही मोकळी झालेली असेल." गाडी गेली. पोतं गाडीतच गेलं.

सिंधू उठली नाही. "भोगीला माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"म्हादबाला मी गावासमोर शिव्या घातल्या."

दुसऱ्या दिवशी कोनाड्यात पलीकडून विटा रचलेल्या दिसल्या. आमटी बंद, आणि टोमणेही. टोमणे बंद झाल्यावर घर किती मोठं आहे ते कुंदाताईंना कळलं. आठवड्याभरात निनादची नोकरी गेली. चाचणीच्या वाफ्यातलं बी कुणी नेलं, हे शोधायला कंपनीला फार हुशारी लागली नाही.

कुंदाताई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. पिशवी घेऊन त्या साध्या बियाच्या शोधात निघाल्या. अकोल्याच्या नणंदेकडं गेल्या, पारनेरच्या मैत्रिणीकडं गेल्या, दोन जुन्या ड्रायव्हरांच्या घरी जाऊन आल्या. सगळीकडं चहा मिळाला आणि बाजरी चावल्यावर वर पाणीही. काही दाणे तिखट, काही फिके, पण डोळ्यांना सगळे सारखे. एकेक दाणा चावून निवडायचा तर चावलेला दाणा उगवणार कसा?

"त्यात एक बरं आहे," नोकरी गेलेला निनाद मावशीच्या ओट्यावर बसून म्हणाला. "तिखटपणा लपून राहत नाही. ज्या दाण्यात ती जनुकं आहेत तो तिखट लागणारच. जो फिका लागला तो आतूनही फिका. त्याची पुढची पिढीही फिकीच, परका पराग नाही लागला तर. फक्त निवडणारं तोंड हवं."

"असं तोंड कुणाचं असतं, जे दाणा न फोडता चव घेतं?"

"माणसाचं तरी नाही."

पौषात रेणुकाला मुलगी झाली. भिंतीपलीकडून बाळाचं रडणं यायचं. रेणुकाच्या ताटात भात होता आणि सिंधूच्या जिवाला घोर होता. मॅडमचा निरोप आला, शुक्रवारी येते. सिंधू सही करणार, हे गावात सगळ्यांना माहीत झालं. कुंदाताईंनाही ते गावाकडूनच कळलं, विटांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी रागानं त्यांना काहीच सुचेना. कशावर तरी हात टाकायचा म्हणून त्यांनी पेरूवरचं ते मेलेलं यंत्र उतरवायला घेतलं. कंपनीची वस्तू कंपनीच्या गाडीत टाकायची, एवढीच इच्छा. शिडी लावली, पेटीला हात घातला, तोच वरच्या फांदीवरून चिर्र चिर्र सुरू झालं. ती खार. शेपटी ताठ, तोंडाचा पट्टा चालू.

"ओरड. तुझी पण पाळी येणार आहे," कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी पेटीची मागची झडप उघडली.

आत घर होतं. कापूस, सुंभ, सिंधूच्या पट्ट्यांच्या लुगड्याच्या चिंध्या आणि चक्क एसटीच्या जुन्या तिकिटांची कुरतडलेली चळत. माळ्यावर कुंदाताईंनी जपून ठेवलेली तिकिटं ती कधी नेत होती, कुणास ठाऊक. बिछान्यामागं, कोरड्या कोपऱ्यात, बाजरी होती. ओंजळी भरतील एवढी.

सवयीनं कुंदाताईंनी एक दाणा जिभेवर ठेवला. चावला. थांबल्या. दुसरा चावला. मग मूठभर तोंडात टाकले आणि शिडीवर उभ्या उभ्या चावत राहिल्या. चरचर नाही. काडी नाही. सासूच्या हातच्या भाकरीची चव, जरा खारीच्या वासाची.

खळ्यावर सांडलेल्या मिसळ ढिगातून ती दाणे उचलत होती. जिभेचं टोक लावायचं, चरचरला तर टाकायचा, फिका असला तर न फोडता घरी न्यायचा. दोन सुगींचं काम. निनादच्या प्रयोगशाळेत जे यंत्र नव्हतं, ते त्यांच्याच पेरूवर शिव्या देत बसलं होतं.

कुंदाताईंनी पदर पसरला.

सिंधूच्या ओट्यावर मॅडम काचेच्या पाटीवरचा करार पुढं सरकवत होत्या. सिंधूचं बोट सहीच्या चौकटीवर टेकायच्या बेतात होतं.

"सिंधे, बोट काढ."

"आता काय राहिलंय, अक्का?" सिंधू वर न बघता म्हणाली. "बाळंतीण भातावर आहे. मला अडवू नका."

कुंदाताई सरळ आतल्या खोलीत गेल्या. बाजेवर रेणुका बाळाला घेऊन बसली होती. त्यांनी तिच्या हातावर चिमूटभर दाणे ठेवले. "चाव."

रेणुकानं आईकडं बघितलं, मग दाणे तोंडात टाकले. चावले. पुन्हा हात पुढं केला.

"आई," ती आतून म्हणाली, "आजीची बाजरी आहे. गोड लागतेय."

सिंधूचं बोट चौकटीवरून उठलं.

"कुठली ही?" मॅडम उभ्या राहिल्या. "ही आम्हाला तपासावी लागेल. आमच्या बियाचा अंश..."

"तपासलीय. दाणा दाणा."

"कुणी?"

"तुम्ही जिला हाकलायला हे सगळं काढलंत तिनं." कुंदाताईंनी पदर छातीशी धरला. "तिखट तुमचं असेल, मॅडम. न्या. पण जे तिखट नाही ते तुमचं कसं? तुमच्या बियाची खूणच ती चरचर. ती जिथं नाही, तिथं तुमचं नाव नाही. हे तुमच्याच माणसानं मला सांगितलंय. त्याला काढलंत तुम्ही."

"या ओंजळभर दाण्यांवर गाव पेरणार तुम्ही?"

"बाजरी आहे. एका दाण्याचं एक कणीस झालं तरी हजार दाणे होतात."

"आणि आजूबाजूच्या शिवारातला पराग?" मॅडम पुन्हा हसल्या. या वेळी हसण्यात कष्ट होते.

उत्तर सिंधूनं दिलं. सहीची पाटी तिनं मॅडमच्या हातात ठेवली आणि पदर खोचला. "माघात पेरू. उन्हाळी. शिवारात दुसरं एक कणीस फुलावर नसतं तेव्हा. तुमचा पराग यायचा कुठून, वापीहून?" मग ती जावेकडं वळली. "न्हाणीचं पाणी तुमच्या परसात जातं. पेरायचं तिथंच. पण भोगीचं मी विसरले नाही, अक्का."

"विसरू नकोस. म्हादबाची माफी मी मागितलीय."

"मागितलीत?"

"आता मागायला चाललेय."

मॅडमना चहा मिळाला. तेवढी रीत पाळली.

त्या माघात कुंदाताईंच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर बाजरी उभी राहिली. कंपनीची नोटीस आली, बी तपासणीसाठी जमा करा. कुंदाताईंनी नोटिशीच्या मागच्या बाजूला लिहून परत धाडलं: "या गाडीत बसायचं असेल तर आधी पहिल्या प्रवासाचा दंड भरावा." उत्तर आलं नाही. पुढच्या आषाढात गावातल्या बायका फिकं बी न्यायला आल्या. करार नाही, सही नाही. अट एकच, नेलं त्याच्या दुप्पट परत आणायचं. आणि खळ्यावरचं सांडलेलं झाडायचं नाही.

आता कुणी काय भरलं ते मांडून टाकू.

कंपनीनं काही भरलं नाही. तिची दोन्ही पाकिटं अजून खपतात, पिंपळदरा सोडून. निनादनं नोकरी भरली. आता तो सिन्नरच्या शाळेत शिकवतो आणि मुलांना पहिल्याच तासाला बाजरीचा दाणा चावायला लावतो. म्हादबानं फुकटच्या शिव्या भरल्या. सिंधूनं एक सबंध साल भीती भरली आणि कोनाड्यातल्या विटा स्वतः काढल्या, त्यातली एक मुद्दाम ठेवून. कुंदाताईंनी आपला मान भरला. त्यांच्या गाडीतून आजवर कुणी फुकट गेलं नाही, हे आता त्यांना म्हणता येत नाही, कारण अख्खं गाव गेलं.

त्या गावाचं भाडं कुणी भरलं, हेही त्यांना चांगलं ठाऊक आहे. दोन सुगींची साठवण, न विचारता उचललेली, पेटीसकट.

म्हणून यंदा परसात दोन जुड्या आहेत. तारेवर तिखट कणसांची, चिमण्यांसाठी. आणि पेरूच्या फांदीवर, पुन्हा बसवलेल्या पेटीला अगदी हात पोचेल अशी, फिक्या कणसांची.

"अक्का," कोनाड्यातून आवाज आला, "आज किती उतारू?"

"एकच," कुंदाताई म्हणाल्या. "पण तिला तिकीट विचारायचं नाही. तिनं सगळ्यांचं काढलंय."